भाची दिग्दर्शक झाली, पण सिनेमा कुठाय?

मैत्रिणींनो, घरातली मुलगी बी.एड. झाली की शेजारणी पेढे मागायला येतात. सिनेमाचं दिग्दर्शन शिकून आली, तर मात्र एकच प्रश्न घेऊन येतात, "मग आता टी.व्ही.वर कधी दिसणार?" माझी भाची पुण्याहून तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बीडला परतली, तेव्हापासून माझी ताई या प्रश्नाला उत्तर देते आहे. दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या मागे असतो, हे सांगून सांगून बिचारीची जीभ दुखली.

शिक्षण संपलं म्हणजे लगेच मोठा सिनेमा हातात येतो, असं नाही. आधी मिळतात ती गाणी. कुणी हौशी गायक स्वतःच्या पैशाने गाणं तयार करून घेतो, आणि यूट्यूबवर टाकायला त्याला चित्रं हवी असतात. भाचीचं पहिलं गाणं कपिलधारला झालं, ऐन पावसाळ्यात, धबधबा भरून वाहत असताना. मी गेले होते, अर्थातच भाकऱ्या घेऊन! बावीस माणसं, पिठलं, ठेचा आणि सत्तर भाकऱ्या. त्याही पुरल्या नाहीत.

तिथे मला कळलं की नायिका गात नसतेच. गाणं मोठ्या स्पीकरवर लावतात, ती नुसते ओठ हलवते. एकच ओळ लांबून, जवळून, बाजूने पुन्हा पुन्हा घेतात. चार मिनिटांच्या गाण्यापायी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत सगळे राबतात. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून जेवणाची सुट्टी तेव्हाच. एवढं करून गायकाच्या काकांनी अर्धे पैसे "पुढच्या महिन्यात" म्हणून लांबवले. तुमच्या घरी कुणी या धंद्यात असेल तर सांगून ठेवा, अर्धी रक्कम आधी आणि बोलणं कागदावर. नात्यातला माणूस असला तर आधी कागद, मग चहा.

मला ही गाणी वाईट वाटत नाहीत. हात बसतो, चार पैसे येतात. पण भाचीचा जीव लघुपटात. एका संध्याकाळी तिने मला उमेश कुलकर्णींची 'गिरणी' दाखवली. पुण्याच्या सरकारी संस्थेत, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली निघाली तिथे, शिकत असताना त्यांनी ती केली, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहानशा घरात दळणाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीने एका मुलाचं बालपण कसं व्यापून जातं, एवढीच गोष्ट. आपल्यातल्या कितीजणींनी घरघंटी घेऊन दळणं केलीत! लेकराच्या कानाला ती कशी ऐकू येत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्यांचा 'वळू' आला २००८ साली आणि 'देऊळ' २०११ साली. म्हणजे मधे वर्षं गेलीच की. नागराज मंजुळ्यांनी तर आपल्या शेजारच्या नगरला शिक्षण घेतलं. त्यांचा 'पिस्तुल्या'ही आधी लघुपटच, 'फँड्री' आणि 'सैराट' पुढचे. ताईला हे सगळं मी मुद्दाम ऐकवलं.

भाचीला करायची आहे ती गोष्ट आपल्या जिल्ह्याचीच. दिवाळी झाली की गावं ओस पडतात. उचल घेतलेली जोडपी कारखान्याला निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागे राहते आजी आणि एखादी बारा वर्षांची मुलगी, धाकट्या भावंडांना रांधून घालणारी. त्या मुलीचा एक दिवस, बस्स.

नेमक्या त्याच दिवसांसाठी एका निर्मात्याने सहा गाण्यांचं काम देऊ केलं. रक्कम अशी, की ताईच्या बँकेत गहाण पडलेल्या पाटल्या सुटल्या असत्या. त्यातच अंबाजोगाईचं एक स्थळ आलेलं. मुलगा चांगला, पण सासरी "असलं फिरणं" चालणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं.

तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. भाची म्हणाली, "मावशे, गाणी मी उन्हाळ्यात पण करीन. गाव रिकामं मात्र हिवाळ्यातच दिसतं." ताई काहीच बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने स्वतः फोन करून स्थळाला नकार कळवला. मला वाटतं, पाटल्यांपेक्षा ते तिला जड गेलं असेल. सहापैकी दोन गाणी भाचीने घेतली, बाकीची सोडली.

आता डिसेंबरात चार दिवसांचं शूटिंग ठरलंय. कॅमेरा भाड्याने, नटमंडळी गावातलीच. जेवण माझ्याकडे. या खेपेला माणसं दहाच आहेत, तरी ज्वारी जरा जास्तच निवडून ठेवली आहे.