ताई, तुझा ब्लास्टॉइज

पुणे,
९ मार्च

प्रिय ताई,

आपल्या सोसायटीतल्या काकू लेकीकडे मेलबर्नला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती तुझ्या पिलूचा निन्टेंडो स्विच पाठवतोय. जानेवारीत तुम्ही निघालात तेव्हा तो आईच्या कपाटात गोधड्यांखाली राहिला होता. पिलूला आधी हे पत्र संपेपर्यंत थांबव आणि मगच तो त्याच्या हातात दे. मधल्या दोन महिन्यांत मी त्यावर खेळत होतो. त्याची परवानगी घेतली होती आणि त्याच्या कुठल्याही खेळाला हात लावलेला नाही. मी खेळलो तो खेळ त्याने कधी उघडलाही नव्हता.

जुन्या गेम बॉयच्या खेळांच्या यादीत मला अचानक ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम’ दिसला. आपण अमेरिकेत एडिसनला असताना मुलं ज्या कार्डांसाठी जीव टाकायची, त्याच कार्डांचा हा व्हिडिओ गेम. हडसन सॉफ्ट आणि क्रीचर्स यांनी केलेला हा खेळ जपानमध्ये १९९८ च्या डिसेंबरात निघाला आणि अमेरिकेत २००० च्या एप्रिलमध्ये आला. आपल्याकडे गेम बॉय नव्हता, त्यामुळे दुकानाच्या काचेतून त्याचा खोका बघण्यापलीकडे आपली मजल गेली नाही. आता तो स्विचवर खेळता येतो. रात्री आई-बाबा झोपले की मी गॅलरीत बसून खेळायचो.

पण मला तुला खेळाबद्दल कमी आणि एका कार्डाबद्दल जास्त सांगायचं आहे.

१९९९ चा तो हिवाळा आठव. बाबांचं वायटूकेचं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं. आई ओक ट्री रोडवरून आठवड्याचं सामान आणायची आणि त्यातून डॉलर वाचला तर महिन्याकाठी एखादं पाकीट आपल्या वाट्याला यायचं. एका पाकिटात अकरा कार्डं. तू ते दातांनी फाडू द्यायची नाहीस, कात्रीने कडेकडेने कापायचीस. मग एकेक कार्ड गालिच्यावर मांडायचं. चमकणारं निघालं तर दोघं काही क्षण बोलायचो नाही. पहिल्या संचात १०२ कार्डं होती आणि त्यातली चमकणारी फक्त सोळा. आपल्याकडे वर्षभरात त्यातली दोन आली. एक चॅन्सी, ते माझं. दुसरं ब्लास्टॉइज, ते तुझं.

आणि आपण खेळायचो कसं? इथेच सगळी मेख आहे. पुण्याहून जाताना आपण डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड नेले होते. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप. आकडा म्हणायचा, मोठा आकडा ज्याचा त्याने कार्ड जिंकायचं. पोकेमॉनची कार्डंही आपण तशीच खेळलो. उजव्या कोपऱ्यात वर लाल अक्षरांत एचपीचा, म्हणजे जीवशक्तीचा, आकडा असायचा, तेवढाच वाचायचा. चाळीस, साठ, ऐंशी. चित्राखालची बारीक अक्षरं वाचायची आपल्याला गरजच वाटली नाही. शाळेतली मुलं तरी कुठे वाचायची? सगळे जमवायचे, बदलायचे आणि मिरवायचे. शेवटी शाळेने मधल्या सुट्टीत कार्डं आणायला बंदी केली, तरी सौदे बसमध्ये चालूच राहिले.

त्या हिशोबाने चारिझार्ड राजा होता. एकशे वीस एचपी. माझ्या चॅन्सीचेही एकशे वीसच होते, पण गुलाबी अंड्यासारख्या त्या प्राण्याला कोण राजा म्हणणार! मित्सुहिरो अरिता यांनी काढलेला तो नारिंगी ड्रॅगन, तोंडातून ज्वाळा आणि मागे चमचमणारी पाटी. मला तो हवा होता. किती हवा होता, हे तुला माहीत आहे. मला कांजिण्या झाल्या, दहा दिवस घरात कोंडून पडलो आणि तापात त्याच्याच नावाने बडबडत होतो, असं आई अजून सांगते. सातव्या की आठव्या दिवशी तू शाळेतून आलीस, दप्तर न उतरवता माझ्या अंथरुणाशी बसलीस आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातून चारिझार्ड काढून माझ्या हातात ठेवलास. ब्लास्टॉइज देऊन तो आणल्याचं मला आठवडाभराने कळलं. तू अकरा वर्षांची होतीस. मी तुला थँक यूसुद्धा म्हटलं नव्हतं.

पंचवीस वर्षं मी असंच समजत होतो की तू लहान कार्ड देऊन मोठं आणलंस. सौदा चांगला झाला, फक्त त्याग तुझा होता. आता कळलं की तसं नव्हतं.

या गेममध्ये नियम मोडताच येत नाहीत. साठ कार्डांची गड्डी, साधी एनर्जी सोडून एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, सुरुवातीला हातात सात, आणि समोर जास्तीत जास्त सहा बक्षिसाची कार्डं पालथी. प्रतिस्पर्ध्याचा एक पोकेमॉन पाडला की त्यातलं एक उचलायचं. घाव घालायला पोकेमॉनवर एनर्जी लागते आणि एका फेरीत एनर्जीचं एकच कार्ड लावता येतं. पोकेमॉन ज्या फेरीत मांडला त्याच फेरीत त्याची उत्क्रांती करता येत नाही. गालिच्यावर आपण जे जे गुंडाळून टाकलं होतं, ते सगळं इथे यंत्र मुकाट्याने पाळायला लावतं. आणि एकदा नियम पाळले की कार्डावरची बारीक अक्षरं जिवंत होतात.

मी अर्थातच चारमँडरची गड्डी निवडली. जिंकलं की पाकिटं मिळतात, पाकिटांतून कार्डं जमतात. खेळात आठ क्लब आहेत, प्रत्येकाचा एक मास्टर. आठांना हरवून आठ पदकं मिळवायची आणि मग चार ग्रँड मास्टरांसमोर उभं राहायचं. दोन-तीन क्लब मी आरामात जिंकले. मग वॉटर क्लबमध्ये गेलो. तिथली मास्टर एमी. तिच्या गड्डीचं नावच ‘गो गो रेन डान्स’.

तो डाव तुला सांगतोच. मी फेरीमागून फेरी एकेक एनर्जी लावत होतो. चारमँडरचा चारमेलिऑन झाला, त्याचा चारिझार्ड झाला. चार एनर्जी लागल्या आणि मी फायर स्पिन मारला. शंभराचा घाव. तिचा समोरचा पोकेमॉन जागीच आडवा. पण त्या घावासाठी चारिझार्डवरची एनर्जीची दोन कार्डं टाकून द्यावी लागतात. म्हणजे पुन्हा दोन फेऱ्या थांबणं आलं. तिने बाकावरून ब्लास्टॉइज पुढे आणला. त्याच्यावर दोन एनर्जी आधीच होत्या. मग त्याच फेरीत तिने एक पाण्याची एनर्जी लावली. दुसरी लावली. तिसरी लावली. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. वाटलं, यंत्र चुकतंय. मग बटण दाबून तिच्या ब्लास्टॉइजचं कार्ड उघडलं आणि ती बारीक अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा वाचली. रेन डान्स: आपल्या फेरीत पाण्याच्या पोकेमॉनवर पाण्याची एनर्जी हवी तितक्या वेळा लावता येते.

पुढचा हिशोब बघ. ब्लास्टॉइजच्या हायड्रो पंपचा घाव चाळिसाचा. लागतात त्यापेक्षा दोन एनर्जी जास्त असतील तर साठाचा. चारिझार्डची दुखरी नस पाणी, म्हणून घाव दुप्पट. एकशे वीस. चारिझार्डचे एचपी एकशे वीस. एका फटक्यात तो गेला.

उलट्या बाजूनेही हिशोब लाव. फायर स्पिन शंभराचा आणि ब्लास्टॉइजचे एचपी शंभर. म्हणजे दोघंही एकमेकांना एका फटक्यात पाडू शकतात. जो आधी तयार होईल तो जिंकेल. आणि चारिझार्डला एकेका फेरीला एकेक कार्ड लावत बसावं लागतं, तर ब्लास्टॉइज हातात पाणी असेल तर एका फेरीत उभा राहतो. डबल कलरलेस एनर्जी वापरून चारिझार्डची एखादी फेरी वाचते, हे मी नंतर करून पाहिलं. त्याने फार फरक पडत नाही. त्या काळच्या खऱ्या स्पर्धांमध्येही रेन डान्सच्या गड्ड्यांचा धाक होता. चारिझार्ड तिथे क्वचितच दिसायचा.

त्या रात्री मी डाव तिथेच बंद केला. स्विचवर जुने खेळ थोडे मागे फिरवून चूक दुरुस्त करायची सोय आहे. मी ती वापरली नाही. हरलो ते बरोबर हरलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची गड्डी बांधायला घेतली. ताई, गड्डी बांधणं हा या खेळातला सगळ्यात सुंदर भाग आहे. साठ जागा असतात आणि प्रत्येक कार्ड दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतं. पाण्याची एनर्जी किती ठेवायची? कमी ठेवली तर रेन डान्सला पाऊसच नाही, जास्त ठेवली तर हातात नुसतं पाणी आणि पोकेमॉन नाही. मी अठ्ठावीसपासून सुरुवात केली आणि हळूहळू बावीसवर आलो. बिल नावाचं कार्ड दोन नवी कार्डं देतं, ते तर लागतंच. प्रोफेसर ओकशी मात्र बरेच दिवस जमेना. ते खेळलं की हातातलं सगळं टाकून द्यायचं आणि सात नवी कार्डं उचलायची. मेंढीकोट आणि बदाम सातमध्ये वाढलेल्या माणसाला हातातलं चांगलं पान टाकणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं वाटतं. हातात एक वॉर्टॉर्टल असायचा, तो टाकवत नसे आणि त्याच्यापायी डाव हरत असे. एका रात्री डोळे मिटून टाकला. सातांत ब्लास्टॉइज आला, चार पाणी आलं, आणि फायर क्लबचा केन पुढच्या दोन फेऱ्यांत संपला.

खेळ आता जुना दिसतो, हे खरं. कार्डांवरची चित्रं ठिपक्याठिपक्यांची, शिक्क्याएवढी. प्रतिस्पर्धी कधीकधी बावळटासारखे खेळतात. पण छापा-काटा करताना ते नाणं हवेत गिरक्या घेतं तेव्हा अजूनही पोटात गोळा येतो, आणि त्यातलं संगीत तर आईनेही एकदा थांबून ऐकलं.

पिलू फोनवर नवा ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ खेळतो, २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला. त्याने मला दाखवला होता. दर बारा तासांनी एक पाकीट, पाकिटात पाच कार्डं. कार्डं अप्रतिम आहेत, आपल्या वेळी अशी नव्हती. पण तिथे गड्डी वीस कार्डांची आणि एनर्जीची कार्डं गड्डीत नसतातच, ती यंत्र आपोआप पुरवतं. डाव पाच-दहा मिनिटांत संपतो. बसमध्ये खेळायला ठीक आहे. पण पाणी गड्डीतच नसेल, तर ते हातात येण्याची वाट बघणंही नसतं, आणि सगळं पाणी एकदम ओतण्याचा तो क्षणही नसतो. त्याला एकदा जुना खेळायला लाव. सुरुवातीला कुरकुरेल.

आपला चारिझार्ड माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहे, मी काल काढून पाहिला. २०२२ मध्ये पहिल्या आवृत्तीचा, निष्कलंक असा एक चारिझार्ड ४,२०,००० डॉलरला विकला गेला. आपला नंतरच्या छपाईचा आहे, दोन कोपरे दुमडलेले, आणि मागे मी बॉलपेनने माझं नाव लिहिलेलं आहे. त्याला कोणी तसली किंमत देणार नाही आणि मला तो विकायचाही नाही. तू आणलेला आहे.

पण खरं ते खरं. केन सुगिमोरी यांनी काढलेलं ते निळं, तोफांचं कासव तुझ्या हातात होतं. शाळेच्या त्या बसमध्ये त्याच्यापेक्षा ताकदीचं कार्ड क्वचितच कुणाकडे असेल. ज्या मुलाला तू ते दिलंस त्यालाही हे माहीत नसणार, नाहीतर तो दोन दिवस आधीच धावत आला असता. तुझं कार्ड माझ्या कार्डापेक्षा चांगलं होतं, ताई. माझ्यासाठी तू काय दिलंस, हे मला गेल्या महिन्यात, वॉटर क्लबमध्ये हरताना कळलं.

आठही पदकं मिळाली आहेत. चार ग्रँड मास्टर मी मुद्दाम राखून ठेवले आहेत, ते तू खेळ. पिलूचा गृहपाठ झाला, तो झोपला, की उघड. गड्ड्यांच्या यादीत पहिलीच गड्डी इंग्रजी अक्षरांत ‘ताई’ नावाची आहे, तीच निवड. बावीस पाणी आहे. ओकचं कार्ड आलं की हातातल्या पानांचा विचार करू नकोस, टाकून दे. ब्लास्टॉइज तीन आहेत, चौथा अजून मिळालेला नाही.

तुझा धाकटा