रेडिओची वर्गणी

अमेरिकेत बर्कलीला राहायला आलो त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. संध्याकाळी कामावरून परतताना गाडीत रेडिओ लावला, तर निवेदिका चालू कार्यक्रम थांबवून पैसे मागत होती. फोन नंबर सांगायची, पुन्हा सांगायची, आणि मध्येच नावं वाचायची. ओकलंडच्या बाई, पंचवीस डॉलर. रिचमंडचे एक बसचालक, दहा डॉलर. व्हालेहोचं एक कुटुंब, पन्नास. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ऐकत बसलो. देश नवा होता, भाषा परकी होती, पण हा प्रकार मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

नळदुर्गजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की कीर्तन संपल्यावर भोंग्यावरून अशीच नावं यायची. अमक्या वस्तीवरून एकशे एक रुपये. तमक्यांकडून ज्वारीचं एक पोतं. शेवटच्या दिवशीच्या पंगतीसाठी दोन डबे तेल. मोलमजुरी करणाऱ्या एखाद्या बाईचे पाच रुपये आले तर तेही तितक्याच मोठ्या आवाजात पुकारले जायचे आणि ती बाई पदर सावरून खाली बघायची. सप्ताह कोणाचा, असं आमच्या गावात कोणी विचारलंच नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचा, म्हणजे सगळ्यांचा.

गाडीत लागलेलं ते स्टेशन केपीएफए. १५ एप्रिल १९४९ रोजी लुइस हिल नावाच्या माणसानं ते सुरू केलं. महायुद्धात शस्त्र हाती धरायला नकार देणाऱ्यांपैकी तो एक. त्याचं म्हणणं साधं होतं. जाहिरातदाराच्या पैशावर चालणारा रेडिओ जाहिरातदाराचं ऐकणार, सरकारच्या पैशावर चालणारा सरकारचं ऐकणार. मग ऐकणाऱ्याचं ऐकणारा रेडिओ हवा असेल तर पैसेही ऐकणाऱ्यानंच द्यायला हवेत. वर्षाला दहा डॉलर वर्गणी, आणि शंभरातल्या दोघांनी जरी ती भरली तरी स्टेशन चालेल, असा त्याचा हिशेब. एफएम तेव्हा इतकं नवं होतं की ते ऐकू येणारे संच फार थोड्या घरांत होते. १९५० मध्ये पैसे संपले आणि स्टेशन बंद पडलं. श्रोत्यांनी पैसे उभे केले आणि १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. अमेरिकेत श्रोत्यांच्या वर्गणीवर चाललेलं हे पहिलं रेडिओ स्टेशन.

त्या तारखेनं मला आजोबांची आठवण होते. केपीएफए सुरू होण्याच्या सातच महिने आधी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात, नळदुर्गला आली आणि बोरी नदीवरचा पूल तिनं ताब्यात घेतला. १७ सप्टेंबरला हैदराबादच्या रेडिओवरून निजामानं शरणागती जाहीर केली. आजोबा सांगायचे, गावात एकाच वाड्यात रेडिओ होता आणि त्या संध्याकाळी वाड्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या नावानं आमच्या धाराशिव जिल्ह्याला २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणत, त्याचा आवाज लोकांनी असा ऐकला. आमच्याकडे रेडिओ ही गोष्ट आली ती राज्यकर्त्याचा आवाज म्हणून. त्याला उलट काही सांगता येतं, ही कल्पना यायला वेळ लागला.

पण ती आली, आणि महाराष्ट्रातच आली, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा शेती-आरोग्यावरचा कार्यक्रम लागायचा. पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून तो ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला, आणि पुढे अशी मंडळं देशभर निघाली. बर्कलीतला श्रोता चेकबुक उघडत होता त्याच काळात पुणे जिल्ह्यातला शेतकरी आपला प्रश्न लिहून रेडिओला पाठवत होता. मला ही दोन्ही कामं एकाच जातीची वाटतात.

आमच्या घरी ते काम वडील करायचे. रेडिओचा परवाना होता तेव्हा ते वर्षाला पोस्टात जाऊन पैसे भरायचे, वहीवर तिकीट चिकटवून घ्यायचे, आणि ती वही रेशनकार्डाबरोबर लोखंडी पेटीत जपून ठेवायचे. ऐंशीच्या दशकात परवाना रद्द झाला. लोकांचे पैसे वाचले, चांगलंच झालं. पण वडिलांना मात्र कुठेतरी चुटपुट लागली. 'पैसे भरत होतो तेव्हा कार्यक्रम पटला नाही तर हक्कानं लिहीत होतो,' असं ते म्हणत. लिहिणं त्यांनी तरीही सोडलं नाही. महिन्याला एक-दोन पोस्टकार्डं केंद्राकडे जायची. एखाद्या गाण्याची फर्माईश, बियाण्याबद्दल शंका, कधी एखाद्या भाषणातली चूक दाखवणारं पत्र. उत्तरात आपलं नाव रेडिओवर आलं की शेजारच्या शेतातून हाक यायची, 'दादा, तुमचं नाव आलं बघा!'

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी जमीन हलली. आमचं गाव वाचलं. किल्लारी, सास्तूर आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडे वीज नव्हती, फोन गावात एकच, तोही बंद. वडिलांनी ट्रान्झिस्टर अंगणात आणून बाजेवर ठेवला आणि सगळी गल्ली भोवती उभी राहिली. आत्या उमरग्याकडे दिलेली. तिच्या गावाचं नाव येतंय का, एवढंच आम्ही ऐकत होतो. नाव न येणं म्हणजे वाचणं, की तिथपर्यंत अजून कोणी पोचलंच नाही? दुसऱ्या दिवशी काका सायकलवर जाऊन तिला जिवंत बघून आला, तोवर आम्ही त्या डब्याजवळून हललो नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा मी इथं रात्रभर मोबाईलला चिकटून होतो. गावाकडचे फोन लागत नव्हते. टॉवर पडला, चार्जिंग संपलं की मोबाईल मुका होतो. दोन सेलवर चालणाऱ्या रेडिओचं तसं नाही. म्हणून जिल्ह्यात, जिल्ह्याच्या बोलीत बोलणारा रेडिओ जिवंत असणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

बर्कलीत मी आता दर वर्गणी मोहिमेला केपीएफएच्या फोनवर बसतो. काम म्हणजे पावत्या फाडण्याचंच. फक्त पावती संगणकावर असते. मागे एका वयस्कर गृहस्थांनी दहा डॉलर लिहायला सांगितले आणि म्हणाले, गेल्या वर्षी वीस दिले होते, यंदा औषधांचा खर्च वाढला, तेवढं समजून घ्या. कमी दिल्याबद्दल ते माझी माफी मागत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर स्टेशनच्या नावानं इथं लेखकांची व्याख्यानं होतात, बहुतेक वेळा एखाद्या चर्चच्या सभागृहात. आपल्या व्याख्यानमालांसारखीच गर्दी, फरक इतकाच की तिकीट असतं आणि ते पैसे स्टेशनला जातात. वर्षाला पंचवीस डॉलर देणाऱ्याला किंवा तीन तास काम करणाऱ्याला स्टेशनच्या स्थानिक मंडळाच्या निवडणुकीत मत असतं. हा हक्क भांडून मिळालेला आहे. जुलै १९९९ मध्ये मालक संस्थेनं कर्मचाऱ्यांना बाहेर काढून स्टेशनला कुलूप लावलं, तेव्हा श्रोते रस्त्यावर उतरले. महिनाअखेरच्या मोर्चाला दहा हजारांच्या आसपास माणसं होती. माझ्या शेजारीण बाई त्या मोर्चात होत्या. त्या म्हणतात, 'आमचं घर बंद केलं होतं त्यांनी.'

२०२५ मध्ये अमेरिकी संसदेनं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे एक अब्ज दहा कोटी डॉलर काढून घेतले, आणि १९६७ च्या कायद्यानं उभी राहिलेली ते पैसे वाटणारी संस्थाच गुंडाळायची वेळ आली. लहान गावांतल्या स्टेशनांना त्याचा फटका सर्वांत जास्त. ज्यांच्यामागे श्रोते उभे होते त्यांनाच थोडाफार धीर होता.

आपल्याकडे तसं होणार नाही असं मी मानत नाही. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक बातम्यांचा विभाग बंद करायचं ठरलं होतं. सकाळी सात पाचच्या त्या बातम्यांवर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची घड्याळं लागलेली. लोकांनी आवाज उठवला आणि निर्णय थांबला. मी त्या बातम्या आता मोबाईलवर ऐकतो. उन्हाळ्यात इथं तेव्हा आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सहा पस्तीस झालेले असतात, आणि मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असतो.

नळदुर्गहून हैदराबादचा रस्ता धरला की उमरगा ओलांडून पुढे जहीराबाद लागतं. त्याच्याजवळ माचनूर नावाचं खेडं आहे. तिथं २००८ पासून संघम रेडिओ चालतो, आणि तो चालवतात दलित शेतकरी बाया. पेरणीची गाणी, जुन्या वाणांचं बियाणं, गावठी औषधं, सगळं त्यांच्याच तेलुगूत. लहानपणी त्याच हमरस्त्यानं एसटीतून जाताना असं काही तिथं होईल हे स्वप्नातही आलं नसतं. हे शक्य झालं त्याचं एक मूळ १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं त्या निकालानं सांगितलं, आणि तो लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. माणदेशात म्हसवडच्या बायकांनी त्याचा फायदा घेतला, बारामतीत शारदा कृषी वाहिनी सुरू झाली. लहानसं प्रक्षेपण यंत्र, एक मनोरा, आसपासच्या पाच-पन्नास गावांना पुरेल एवढा आवाज.

तुळजापुरात कृषी विज्ञान केंद्र आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेची शाखा आहे. नियमाप्रमाणे दोघांनाही असा परवाना मागता येतो. धाराशिवला आकाशवाणीचं केंद्र तर आहेच. आमच्यासारखे जिल्हा सोडून गेलेले हजारो लोक पुण्यात, मुंबईत, दुबईत, इथं कॅलिफोर्नियात आहेत, आणि गावच्या देवळाच्या कळसाला आम्ही न चुकता वर्गणी पाठवतो. त्याच यादीत रेडिओ का नसावा? यंत्र, मनोरा, दोन मुलींचे वर्षभराचे पगार, एवढं आम्ही सहज उभं करू शकतो. कोणी पुढाकार घेतला तर पहिली पावती माझ्या नावानं फाडा.

तोवर धाराशिवमध्ये हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. या आठवड्यात आपल्या केंद्राचा एक कार्यक्रम पूर्ण ऐका आणि त्यात काय आवडलं, काय खटकलं, पुढे काय हवं, ते पोस्टकार्डावर लिहून केंद्राला पाठवा. खाली आपलं नाव आणि गावाचं नाव घाला.