वस्त्र चढवलेल्या छापचित्रांतील सावलीचा प्रश्न

चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावरील बोनार बंधूंसारखे प्रकाशक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली वेशभूषेची चित्रे छापून विकत असत. त्यांतील काहींच्या पोशाखाचा कागद पुढे कोणी कापून काढला आणि मागच्या बाजूने रेशीम, मखमल, किनखाब किंवा लेस यांचे खरे तुकडे चिकटवले. चेहरा व हात मात्र कागदाचेच राहिले.

खळ किती दाट असावी हे या कामातील प्रत्येकाला ठाऊक असते; वर्षानुवर्षे हाती न लागणारी गोष्ट आहे ती सावली. कोरणाऱ्याने घागऱ्याच्या चुण्या समांतर आणि एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांनी दाखवलेल्या असतात. कागद कापला की त्या रेघाही जातात, आणि उरते ते कितीही उंची असले तरी सपाट कापड. कापडावर जलरंगाने सावली द्यावी, तर रंग धाग्याधाग्याने पसरतो. खरी चुणी घालावी, तर तिची जाडी कागदाला उचलते. उरतो तो एकच मार्ग, चुणीच्या रेषेवर कागदाची अरुंद पट्टी राखण्याचा. पण तेथेही कापडाची नक्षी आड येते: वीतभर उंचीच्या आकृतीला खऱ्या पोशाखासाठी विणलेले एकच फूल कमरेपासून गुडघ्यापर्यंत झाकून टाकते.

हात स्थिर होता तोवर प्रस्तुत लेखिका ही पट्टी केसाइतकी बारीक राखत असे, आणि पाहणाऱ्याने पोशाखाआधी पात्याची सफाई पाहावी अशी तिची मनोमन इच्छा असे. वयाने हात कापू लागल्यापासून पट्टी रुंद ठेवणे भाग पडले, तिच्यावर कोरीव रेघा अधिक उरू लागल्या आणि घागऱ्याला पुन्हा घेर आला. तरीही काम संपल्यावर तिची नजर आजही प्रथम कापाच्या कडेवरच जाते, आणि कड साफ असली की मिळणारे समाधान चित्राच्या समाधानापेक्षा मोठे असते.

अलीकडे पुष्कळ जण कापड छापावर वरूनच चिकटवतात. त्यात वेळ वाचतो, पण बाह्यरेषा बुजते आणि कोरणाऱ्याचे काम कायमचे झाकले जाते. यंत्राने कापलेल्या कडा निर्दोष असतात, पण कोणती रेघ राखायची याचा निर्णय यंत्र घेत नाही, आणि या कलेतील सारे कौशल्य त्या निर्णयातच आहे. ज्या छापचित्रात कोरणाऱ्याची सावली उरलेली नाही, ते त्यातील रेशीम कितीही अस्सल असले तरी अपुरेच मानले पाहिजे.