कर, आणी आणि स्की

माणसाला आडनाव कशासाठी असतं, या प्रश्नाचं उत्तर शाळेत एक मिळतं, लग्नाच्या बैठकीत दुसरं मिळतं आणि बँकेत तिसरं. शाळेत ते हजेरीसाठी असतं. लग्नाच्या बैठकीत ते 'म्हणजे आपण कुठले?' या प्रश्नाला वाट करून देण्यासाठी असतं. बँकेत मात्र ते केवळ जुळण्यासाठी असतं. आधारकार्डावरचं पॅनकार्डाशी जुळावं, पॅनकार्डावरचं पासबुकाशी जुळावं, आणि पासबुकावरचं समोर उभ्या असलेल्या माणसाशी जुळलं तर फारच उत्तम. मी बी. कॉम. झालो तेव्हा आता जन्मभर आकड्यांशी खेळायचं असं मनाशी ठरवलं होतं. प्रत्यक्षात गेली वीस-बावीस वर्षं मी आडनावांशी झुंजतो आहे. आकडे कॉम्प्युटर जुळवतो. आडनावं अजून कारकुनालाच जुळवावी लागतात.

त्यातून माझ्या सगळ्या बदल्या दापोडी ते चाकण या पट्ट्यात झाल्या. या पट्ट्यातली कारखानदारी लोकांना ठाऊक असते. पिंपरीला 1954 साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, मग मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, 1982 साली महानगरपालिका आली. पण या सगळ्याच्या आधी इथे गावं होती आणि प्रत्येक गावाला आपलं असं आडनाव होतं. पिंपरीत वाघेरे, थेरगावात बारणे, रहाटणीत नखाते, पिंपळे सौदागरला काटे, पिंपळे गुरवला जगताप, रावेतला भोंडवे, चऱ्होलीत तापकीर आणि भोसरीत लांडगे. आमच्या काउंटरवरून नुसतं आडनाव पुकारलं तर अर्धी रांग पुढे येते. नाव आणि आडनाव पुकारलं तर चौघे येतात. वडिलांच्या नावासकट पुकारलं तरी दोघे उरतातच. मग आम्ही 'उंच का बुटके?' या टप्प्यावर येतो. हा टप्पा रिझर्व्ह बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात नाही.

वाकडला तर कस्पटे आडनावाची दाटी. 'कस्पटासमान लेखणे' हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला, तो वाकडला कधी आलेला नसावा. तिथल्या गुंठ्याचा भाव ऐकल्यावर कस्पटासमान वाटतो तो ऐकणारा.

पण यातली गंमत पुढेच आहे. हेच कस्पटे किंवा भोंडवे उद्या नोकरीनिमित्त नागपूरला गेले, की तिथला कारकून चष्मा वर करून विचारतो, "काय म्हणालात? परत एकदा सांगा." वाकडला जे आडनाव पैशाला पासरी, ते नागपुरात दुर्मीळ. म्हणजे दुर्मीळपणा हा काही आडनावाचा गुण नव्हे. तो एस. टी.च्या तिकिटावर अवलंबून असतो.

चिंचवडला मात्र आडनावाला चक्क बढती मिळाल्याचं उदाहरण आहे. बीदरकडून मोरगावला आलेले वामनभट शाळिग्राम, त्यांचे चिरंजीव मोरया गोसावी, आणि मोरया गोसावींचे चिरंजीव चिंतामणी महाराज. या चिंतामणी महाराजांना तुकोबांनी 'देव' म्हटलं आणि तेव्हापासून घराण्याचं आडनाव देव पडलं, अशी परंपरा सांगतात. शाळिग्राम, गोसावी, देव! तीन पिढ्यांत केवढी ही मजल! आमच्या बँकेत तीन पिढ्या खर्ची घातल्या तरी क्लार्कचा फार तर हेडक्लार्क होतो.

ज्या तुकोबांनी ही बढती दिली त्यांचं स्वतःचं आडनाव शेजारच्या देहूत जाऊन विचारा. आंबिले. घराणं मोऱ्यांचं, आडनाव आंबिले. पण 'तुकाराम बोल्होबा आंबिले' असं म्हटलं तर चारचौघांत दोघे तरी 'कोण बुवा?' म्हणतील. ज्याचं नाव मोठं होतं त्याला आडनाव लागत नाही. ज्यांना लागतं ते सगळे आमच्या रांगेत उभे असतात.

चाकणचा हिशेब आणखी वेगळा. तिथल्या किल्ल्यावर 1660 साली शाएस्तेखान चालून आला, तेव्हा किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. मूठभर माणसांनिशी त्यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. नरसाळं रॉकेल ओतायला वापरतात एवढंच माहीत असलेल्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं, की एवढी मोठी मोगल फौज एका नरसाळ्यात अडकून पडली होती. आणि 2009 साली चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला म्हणून 'चाकणला फिरंगी आले' असं ज्यांना वाटतं, त्यांनाही सांगायला हवं की चाकणचा पहिला फिरंगोजी साडेतीनशे वर्षं आधीच हजर होता.

आडनावं अशी नाना वाटांनी येतात. काही कामावरून येतात. फडणीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस यांच्यातला 'नीस' हा फारसीतल्या 'नवीस'चा म्हणजे लिहिणाऱ्याचा अवशेष. थोडक्यात, हे सगळे आमचेच कारकून बंधू. पोतनीस खजिना सांभाळायचे, पोतदार नाणं पारखायचे, कुलकर्णी गावाचा हिशेब ठेवायचे. न्याय असता तर कॅशियरची जागा पोतनिसांना आणि पोतदारांना राखीव असती. काही आडनावं आकड्यांवरून येतात. पाचपुते, सातपुते, अष्टपुत्रे, दशपुत्रे ही चढती भाजणी पाहिली की कुटुंबनियोजनाचं खातं इतक्या उशिरा का उघडलं, असं वाटतं. उन्हाळे, पावसे आणि हिवाळे हे तिघे एकाच शाखेत आले तर वर्ष पुरं होतं.

पण संख्येने आणि थाटाने मराठी आडनावांचा राजा म्हणजे 'कर'. गावाचं नाव घ्या, मागे 'कर' लावा, घराणं तयार. यातही एक मेख आहे. गावात राहून कुणी 'कर' होत नाही. साताऱ्यात सगळेच साताऱ्याचे. तिथे 'सातारकर' म्हणून ओळख ती काय होणार? माणूस गाव सोडतो, दुसऱ्या गावी कुणीतरी विचारतं, 'कुठले हो तुम्ही?', आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्याला जन्मभर चिकटतं. म्हणजे 'कर' हे गावाचं नव्हे, गाव सोडल्याचं सर्टिफिकेट आहे.

याच्या उलट रीत मला पिंपरी कँपात शिकायला मिळाली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत. लालवाणी, मोटवाणी अशी 'आणी' लावलेली आडनावं तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर ओळीने दिसतात. ही 'आणी' गावाला लागत नाही, मूळ पुरुषाच्या नावाला लागते. कँपातले आमचे एक जुने खातेदार आहेत. कापडाचं दुकान, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांना एकदा मी हा फरक बोलून दाखवला. ते पासबुक खिशात घालत म्हणाले, "साहेब, तुमच्या आडनावात गाव असतं. आमचं गाव तिकडेच राहिलं. बरं झालं, आमच्या आडनावात आजा होता. त्याला गाडीत बसवून आणता आलं." एवढं बोलून ते व्याजदरावर भांडायला मॅनेजरकडे गेले.

आणि मग एके दिवशी 'स्की' आले. चाकणच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले हे पोलंडचे इंजिनिअर, सोबत त्यांच्या सौभाग्यवती. जॉइंट खातं उघडायचं होतं. त्यांचं आडनाव मी इथे सांगत नाही. सभ्यता म्हणून तर नाहीच, पण मला ते अजून म्हणता येत नाही म्हणूनही. त्यात ओळीने इतकी व्यंजनं होती की मधे स्वराला बसायला सोडा, उभं राहायलाही जागा नव्हती. सकाळची लोणावळा लोकल! फॉर्मवरचे चौकोन संपले, आडनाव संपेना.

फॉर्म भरता भरता मी आमच्या बँकेच्या इंग्रजीत विचारलं, "याचा अर्थ काय हो?" गृहस्थ खूश झाले. जगात कुठेही जा, आडनावाचा अर्थ विचारला की माणूस खूश होतो. ते म्हणाले, हे एका लहानशा गावाचं नाव आहे, आणि 'स्की' म्हणजे तिथला. आमच्या भागाबाहेर हे आडनाव सापडायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे कर!" त्यांनी आधी टॅक्सचा अर्थ घेतला, पण पुढे गाडी रुळावर आली. त्यांच्याकडचा कोवाल्स्की म्हणजे आपला लोहार. विश्न्येव्स्कीच्या गावात चेरीची झाडं, म्हणजे आपला आंबेकर. आणि पोलंडमध्ये सगळ्यांत जास्त कुणाचं आडनाव असेल तर नोवाक, म्हणजे नवा. गावात नवीन आलेला, कुठला कोण ते माहीत नाही, म्हणून नुसताच नवा. अशा नव्यांचीच तिथे सर्वांत जास्त गर्दी! मला आपली पिंपरी-चिंचवडच आठवली.

घोटाळा झाला तो पुढे. नवरा 'स्की' तर बायको 'स्का'. कॉम्प्युटरने ताबडतोब शेरा मारला, 'आडनाव जुळत नाही.' मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. "साहेब, त्यांच्यात बाईचं आडनाव स्त्रीलिंगी होतं. आपल्याकडे पाटलाची पाटलीण, देशमुखाची देशमुखीण म्हणतात, तसंच." साहेब म्हणाले, "पाटलीणबाईंच्या पॅनकार्डावर पाटील असतं ना? मग? लग्नाचा दाखला जोडा." दाखला आला, तो पोलिशमध्ये. त्याचं भाषांतर आलं, खातं उघडलं, आणि स्की-स्का सुखाने नांदू लागले.

जाताना ते इंजिनिअर म्हणाले, "तुमच्या महाराष्ट्रात आमची माणसं पूर्वी राहून गेली आहेत." मला माहीत होतं, कारण आमच्या हेडक्लार्कबाई माहेरच्या कोल्हापूरच्या. दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी पोलंडमधून उचलून सैबेरियात नेलेली माणसं सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतली पाचएक हजार, बहुतेक बायका आणि पोरं, 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. पंचगंगेकाठी त्यांची शाळा होती, चर्च होतं. पुढे ती जगभर पांगली. मग त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. म्हणजे 'स्की' उठले आणि 'आणी' बसले, तेही 'कर' मंडळींच्या मुलखात! काही पोलिश माणसं कोल्हापुरातच मातीआड झाली. दगडावर त्यांची आडनावं आहेत. ज्या गावाच्या नावाला तो 'स्की' लागला, ते गाव तिथून हजारो मैलांवर. त्यांच्यातल्या कित्येकांना ते पुन्हा दिसलंच नाही.

आता तुम्ही विचाराल, सगळ्या जगाची आडनावं सांगितलीत, तुमचं काय? माझं आडनाव मी सांगणार नाही. ते इतकं दुर्मीळ आहे की ते सांगणं म्हणजे घरचा पत्ता देण्यासारखं आहे. आमच्या वॉर्डाच्या मतदार यादीत त्याची दोनच माणसं आहेत, मी आणि आमची सौ. मुलीचं नाव लागलं की तीन होतील. इतर कुठे नातेवाईक असावेत म्हणून खूप शोध घेतला. एक चुलतभाऊ आहे, तो पूर्वीपासूनच आहे.

हे आडनाव आमच्या पणजोबांना मिळालं. ते पवनेच्या खोऱ्यातलं गाव सोडून एका कारखान्यात कामाला लागले. हजेरीपत्रकावर आधीच त्यांच्या मूळ आडनावाची अकरा माणसं होती. कारकुनाने विचारलं, "गाव कुठलं?" पणजोबांनी सांगितलं. कारकुनाने पुढे 'कर' लिहिलं. असं आमचं घराणं एका कारकुनाच्या टाकातून जन्माला आलं. मी बँकेत कारकून झालो ते ऋण फेडण्यासाठीच, असं मी सासरच्या मंडळींना सांगत असतो.

पुढे पवना धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. नकाशावर आता तिथे निळा रंग आहे. गावाचं नाव राहिलं आहे ते फक्त आमच्या आडनावात, 'कर'च्या आधारानं, पाण्यातून हात वर काढावा तसं.

हे मी एकदा घरात बोललो. सौ. म्हणाली, "मग मुलीच्या लग्नानंतर काय?" मला हा प्रश्न नेहमी बँकेत पडतो, घरात कधी पडला नव्हता. मुलगी कॉलेजात आहे. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "काय म्हणजे? मी बदलणार नाहीये."

"अगं, पण सासरचे काही म्हणाले तर?"

"त्यांना सांगेन, लग्नाचा दाखला जोडते."

सौ. हसली. मी हसलो नाही, कारण माझा घसा दाटला होता. पण कारकुनाला रडायची सोय नसते म्हणून मी उठून पाणी प्यायलो.

पाणी अर्थात पवनेचंच. पिंपरी-चिंचवडच्या नळाला तेच येतं. काही जणांना गावी जायला सुट्टी मागावी लागते, रिझर्व्हेशन करावं लागतं. मला ती दगदग नाही. पहाटे नळ खरखरला की मी बादली लावतो आणि आत हाक देतो, "उठा गं, गावाकडून आलंय!"