तेहतीस फूट

पीएच.डी.च्या वेळची माझी वही गेल्या महिन्यात पुन्हा काढली, ती खोडलेले कंट्रोल पॉइंट पाहायला. चार बिंदू, लाल शाईची आडवी रेघ मारलेले. एके काळी मला त्या रेघांचा अभिमान होता.

ज्यांनी गावनकाशा उपग्रहाच्या प्रतिमेवर बसवला आहे, त्यांना बिंदू खोडण्याचा मोह सांगायला नको. आरएमएस एरर दीडवर अडला की सगळ्यात वाईट बिंदू काढायचा, आकडा उतरतो. आणखी एक काढला की आणखी उतरतो. तीनच बिंदू ठेवून पहिल्या घाताचं रूपांतर घेतलं तर चूक शून्य दिसते, आणि त्या शून्याचा गावाशी काही संबंध नसतो. हे मी एम.एस्सी.च्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. स्वतःच्या प्रबंधात मात्र आकडा अर्ध्या पिक्सेलच्या आत यावा म्हणून चार बिंदू खोडले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या आकड्याचं कौतुक केलं. ते मी इतकं जपलं की नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात तो तक्ता दाखवत असे.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बांधाच्या कोपऱ्यावर कर्सर नेमका ठेवणं जमेना, म्हणून ते काम माझ्या विद्यार्थिनीकडे गेलं. शिरूर तालुक्यातली, घोड नदीच्या अंगाची, दोन शेजारची गावं. दोन्ही नकाशे आपापले बसले आणि मधल्या शिवेवर फट राहिली.

ही फट माझ्या आयुष्यभराची आहे. कापडावरचा नकाशा आकसतो, घडीवर झिजतो, दोन गावांची मोजणी एका वेळी झालेली नसते. मी नेहमी रबर शीटिंग करून फट मिटवत आलो. तिलाही तेच करायला सांगितलं. तिनं आठवडाभर केलं नाही. मग एक प्रिंट घेऊन आली.

“सर, कापड आकसलं असतं तर फट कुठं कमी, कुठं जास्त झाली असती. ही इथून तिथवर सारखी आहे. दहा मीटर.” जरा थांबून म्हणाली, “तेहतीस फूट, सर.”

शंकू साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. आण्यापर्यंत मोजणाऱ्या माणसांकडून अख्खी एक साखळी मोजायची राहून गेली होती. कुठं राहिली तेही तिनं दाखवलं. ओढ्याच्या अलीकडचे बांध डीजीपीएसच्या बिंदूंवर चोख बसतात. पलीकडचं सगळं शिवार एका साखळीनं अलीकडे सरकलेलं. त्या दिवशी ओढ्याला पाणी असेल, साखळी धरणारी माणसं बदलली असतील. ते तेहतीस फूट मी दोन गावांत वाटून टाकले असते, आणि आज खरे असलेले कितीतरी बांध थोडे थोडे खोटे झाले असते.

त्यातलं एक गाव माझ्याही प्रबंधात होतं. तेव्हा हाताशी होती आयआरएस-१सीची पॅन प्रतिमा, ५.८ मीटरची; दहा मीटर म्हणजे तिचे पुरते दोन पिक्सेलही नव्हेत. वही उघडली. खोडलेले चारही बिंदू ओढ्यापलीकडचे. चौघांची चूक एकाच दिशेला, जवळजवळ एकाच मापाची. मी अंतर लिहिलं होतं, दिशाही लिहिली होती. वाचलं मात्र फक्त अंतर.

आता जमा होणारे प्रबंध पाहिले की जीव तुटतो. तालुक्याचं नाव बदलतं, बाकी भू-वापराचे तेच पाच रंग. तपासणीचे बिंदूही त्याच प्रतिमेवरून, त्याच माणसानं उचललेले, मग कॅपा ०.९ येणारच. पॉन्टियस आणि मिलोनेस यांनी कॅपा सोडून द्या असं २०११ मध्येच लिहून ठेवलं; त्याच्याशिवाय प्रबंध पुढे पाठवायला मार्गदर्शकांचा धीर होत नाही, आणि त्यांत मीही आलो. शेजारच्या विभागातली मुलं न्यूरल नेटवर्कनं बांध आपोआप काढतात. त्यांच्या वेगाचा मला हेवा वाटतो. पण त्यांच्या रेषांना शीव कळत नाही. ती रेषा आधी माणसांनी चालत आखलेली असते.

हिवाळ्यात आम्ही दोघं तिथं जाऊन आलो. जमिनीवर फट नव्हतीच. शिवेच्या दगडापर्यंत ज्वारी सलग उभी होती. तिच्या नकाशात ती पट्टी तिनं रिकामीच ठेवली आहे, आणि पट्टी का राहिली याची टीप शेजारी लिहिली आहे. मी सही केली.

माझे चार बिंदू तिनं पुन्हा मोजायला घेतले आहेत: देवळाचा ओटा, बांधाचा एक कोपरा, दोन विहिरी. त्यातली एक विहीर मधल्या काळात बुजवली गेली. तिच्या मध्याची जागा आता कशावरून धरायची, हे आमचं अजून ठरलेलं नाही.