कड्यावरची रेंज

पुण्याहून रात्री सुटलेली एसटी दापोलीला पोचते तेव्हा अजून उजाडायचे असते. स्थानकावर चहा घेऊन आंजर्ल्याची गाडी पकडली, की खरा प्रवास सुरू होतो. आसूदच्या उतारावरच्या पोफळीच्या बागा, हर्णै बंदराचा खारट वास, समुद्रात पाय सोडून बसलेला सुवर्णदुर्ग आणि शेवटी जोग नदीच्या खाडीवरचा पूल. माझ्या लहानपणी आम्ही ही खाडी तरीतून ओलांडत असू. पलीकडे गेलेला माणूस जगापासून तुटला, असे आजी म्हणे. आता पूल आहे, डांबरी सडक आहे, आणि तरीही पलीकडे गेलेला माणूस जगापासून तुटतोच. पुढच्या एका वळणावर माझ्या मोबाइलच्या चार रेघांच्या दोन होतात, दुसऱ्या वळणावर एक उरते, आणि आमच्या वाडीचा फाटा आला की तीही मावळते.

आमची वाडी दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. माडांची सावली, डास आणि मोकळा वेळ या तीन गोष्टी तिथे मुबलक. रेंज तेवढी नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी गेलो तो मात्र सुट्टीसाठी नव्हे. माझे वडील, अण्णा, टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. वय वर्षे ८१. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे कळवायचे असते. याला हयातीचा दाखला म्हणतात. तो गेला नाही, तर पेन्शन थांबते. आजवर अण्णा बँकेत जात, ओळखीच्या साहेबांपुढे सही करीत, त्यांच्या आंब्याच्या कलमांची चौकशी करीत आणि जिवंत ठरून घरी येत. ते साहेब बदलून गेले. नवे साहेब म्हणाले, "आजोबा, हल्ली हे घरबसल्या होते."

अण्णा घरी येऊन चार दिवस बसले. काही झाले नाही.

तेव्हा शेजारच्या सदूने टेकडीवर चढून मला फोन केला. महिना संपायला पाच दिवस उरले होते. आईची रक्तदाबाची औषधे, गड्याचा पगार, विजेचे बिल, सगळे त्या पेन्शनवर. "पाच मिनिटांचे काम आहे, मी येऊन करून देतो," असे मी सदूला मोठ्या ऐटीत सांगितले.

ओटीवर पाऊल ठेवताच पहिले दर्शन झाले ते जुन्या टेलिफोनचे. तो केव्हाच मुका झाला आहे. पण आईने विणलेला रुमाल अजून त्याच्यावर आहे. खरा फोन गोठ्यात असतो. पूर्वेकडच्या वाशाला प्लॅस्टिकची पिशवी टांगली आहे, तिच्यात आईचा मोबाइल. घंटा वाजली की आई चुलीपासून धावते. फोन पिशवीतून बाहेर काढायचा नाही, काढला की तुटतो. पिशवीला तोंड लावून बोलायचे. गाय रवंथ करीत दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकते. वाडीत या जागेला 'एक्स्चेंज' म्हणतात.

यात जादू काही नाही. मनोऱ्यातून निघालेल्या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, की उन्हाची पडावी तशी त्यांची सावली पडते. त्यात आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर रुंद. ज्यांच्या घरी अशी अडचण असेल त्यांनी मनोऱ्याच्या दिशेची खिडकी शोधावी. माजघरात बसून फोनला शिव्या देऊ नयेत.

मी शहरातला शिकलेला माणूस. पहिला दिवस कंपनीकडे तक्रार करण्यात घालवला. गोठ्यात उभा राहून मी एक दाबला, चार दाबला, पुन्हा एक दाबला. एका गोड आवाजाने तीनदा सांगितले की माझा कॉल त्यांना महत्त्वाचा वाटतो. अखेर एक मुलगी बोलू लागली. ती म्हणाली, "सर, आमच्या नकाशाप्रमाणे तुमच्या भागात नेटवर्क उत्तम आहे." मी म्हणालो, "बाई, मी गोठ्यात गाईशेजारी उभा राहून बोलतो आहे." ती म्हणाली, "सर, आपला आवाज तुटतोय." आणि फोन तुटला. असे चार वेळा झाले. चार मुली, चार वेळा पहिल्यापासून कहाणी.

हे सगळे करून मला एवढेच शिकायला मिळाले, की पहिल्याच संभाषणात तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. क्रमांक नसलेली तक्रार म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. तो असला, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि ग्राहकांसाठीच्या १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर सांगायला काही हाती राहते. कंपनी बदलायचीच असेल, तर १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा संदेश धाडून आपला आकडा कायम ठेवता येतो. देशभर ही सोय २०११ पासून आहे. परंतु आधी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून त्याची रेंज पाहून यावी. कंपनीचा नकाशा डोंगर पाहत नाही, शेजारी पाहतो.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "गणपतीवर जाऊ उद्या. तिथे लागतो म्हणतात."

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. उजव्या सोंडेची मूर्ती, पांढरेशुभ्र देऊळ, मागे नारळीपोफळी आणि समोर सगळा समुद्र. हा देव पूर्वी खाली किनाऱ्यावर होता असे सांगतात. समुद्र देवळात शिरू लागला, तेव्हा देव स्वतः उठला आणि कडा चढून वर आला. वाटेत खडकावर टेकलेले त्याचे पाऊल आजही भाविकांना दाखवतात. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून मी ती पाखाडी चढलो होतो. या वेळी त्यांना रिक्षातून सडकेने वर नेले. देव पाण्याला कंटाळून वर गेला, आम्ही रेंजसाठी गेलो.

वर चार रेघा! अण्णांच्या खिशातला मोबाइल अंगात आल्यासारखा घुमू लागला. आठ दिवसांचे संदेश एकदम उतरले. दर्शन घेऊन आम्ही पारावर बसलो आणि मी कामाला लागलो. केंद्र सरकारची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून नुसता चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप लागतात, एक आधारचे आणि एक दाखल्याचे. ती उतरवून घेण्यातच तास गेला. मग आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचा क्रमांक. अण्णांनी तिन्ही क्रमांक तोंडपाठ सांगितले. मग चेहरा. अण्णांच्या मागे लखलखता समुद्र होता. हे चुकतेय हे मला कळायला हवे होते. तोंडावर उजेड हवा, पाठीवर नव्हे. मी हात थरथरवीत फोन धरला. "डोळे मिचकवा, अण्णा." मोतीबिंदू काढलेले डोळे उन्हाने आधीच मिचकत होते. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा नाही.

"मी नाही का रे दिसत त्याला?" अण्णा हसून म्हणाले. मला मात्र घाम फुटला. संध्याकाळची गाडी, पुण्यातले तास, महिन्याचे उरलेले तीन दिवस.

एवढ्यात अण्णांचा फोन वाजला. मी घेतला. पलीकडे अत्यंत अदबीने बोलणारा मनुष्य. पेन्शनच्या कार्यालयातून बोलतो म्हणाला. अण्णांचे पूर्ण नाव त्याने घेतले. "आपला हयातीचा दाखला अडकला आहे, सर. आज संध्याकाळपर्यंत झाला नाही तर पेन्शन बंद होईल. मी इथूनच पूर्ण करून देतो. आत्ता एक सहा आकडी क्रमांक येईल, तेवढा सांगा."

खोटे कशाला सांगू, मला त्या माणसाच्या पाया पडावेसे वाटले. दोन दिवसांत प्रथमच कोणी माणूस माझ्याशी माणसासारखा बोलत होता. क्रमांक आला. मी वाचू लागलो, "चार, सात..."

अण्णांनी फोनवर हात ठेवला.

"कोणाच्या नावे आलंय ते?"

"तुमच्या."

"मग तू कशाला फोडतोस? आणि तो का मागतोय?"

"अण्णा, तो कार्यालयातला..."

"कशावरून? चाळीस वर्षं मनीऑर्डरी वाटल्या मी. दारात गेल्यावर समोरच्याची ओळख पटवल्याशिवाय एक रुपया सोडला नाही. ज्याला हवंय त्यानं ओळख द्यायची. इथे हवंय त्याला, आणि ओळख मागतोय आपल्याकडे. आधी वाच, काय लिहिलंय."

मी वाचले. इंग्रजीत स्वच्छ लिहिले होते, की हा क्रमांक अण्णांच्या बँक खात्याला नवा फोन जोडण्यासाठी आहे, आणि तो कोणालाही सांगू नये. मी गेली वीस वर्षे मुलांना, ओळ पुरी वाचल्याशिवाय अर्थ लावू नका, असे बजावीत आलो आहे. पलीकडच्या गृहस्थाला 'नाही सांगत' म्हणालो, तेव्हा त्याची अदब संपली आणि त्याने माझ्या आईचा उद्धार केला. मी फोन ठेवला. बराच वेळ मला अण्णांकडे पाहवले नाही.

वाचकहो, हे मी माझ्या फजितीसाठी सांगत नाही. आपल्या घरीही नोव्हेंबरात असे फोन येतील. घाई करणारा मनुष्य दाखला देणारा नसतो. येणारा क्रमांक कशासाठी आहे हे बहुधा त्या संदेशातच लिहिलेले असते. तो आधी वाचावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो लागतो देण्यासाठी. आणि कोणी फसलेच, तर लाजेपोटी गप्प न बसता तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा आणि बँकेला कळवावे. पहिल्या तासात कळवलेले पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते, दुसऱ्या दिवशी ती फारशी उरत नाही.

उतरताना रिक्षात अण्णा म्हणाले, "पोस्टात विचारू का? आपलंच खातं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोस्टमन दारात. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेतर्फे २०२० पासून पोस्टमन घरी येऊन हा दाखला काढून देतात, हे मला ठाऊकच नव्हते. ७० रुपये घेतले. हा तरुण अण्णांच्या हाताखाली कधी नव्हता, तरी त्याने आधी त्यांना वाकून नमस्कार केला. "रेंज कुठे मिळेल?" मी विचारले. तो म्हणाला, "तुमच्याकडे गोठ्याच्या पूर्वेला. खालच्या घरी विहिरीवर. देवळाशेजारी माळ्यावर." पूर्वीच्या पोस्टमनला कोणाचा कुत्रा चावतो ते ठाऊक असे, याला प्रत्येकाची रेंज ठाऊक.

गोठ्यात खुर्ची मांडली. अण्णांनी अंगठा यंत्रावर टेकवला. उमटेना. वीस वर्षे सुपारी सोलून रेषा झिजल्या होत्या. पोस्टमनने घाई केली नाही. आईकडून कोमट पाणी मागितले, अण्णांची बोटे धुतली, आपल्या रुमालाने कोरडी केली आणि एकेक बोट लावून पाहिले. डाव्या हाताच्या अनामिकेला यंत्र राजी झाले. गाईने मान हलवली. अण्णा जिवंत ठरले.

"दाखला गेला, पण स्वीकारल्याचा संदेश वेगळा येतो," जाताना पोस्टमन म्हणाला. "तो येईपर्यंत काम झालं म्हणू नका. आणि ऐंशी पुरी झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते, पुढल्या वर्षी नोव्हेंबराची वाट नका पाहू." तीन दिवसांत मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच, आणि तो कोणत्याही ॲपने दिला नव्हता.

मी विचारले, "अण्णा, तार बंद झाली २०१३ साली, तेव्हा वाईट वाटलं होतं का?"

"तारेचं नाही वाटलं," ते म्हणाले. "तार काय, गेली, दुसरं काही आलं. पण तार घेऊन कोणीतरी दारात जायचं. वाईट बातमी असली तर थोडं थांबायचं. ते थांबणं गेलं."

संध्याकाळच्या गाडीने निघालो. खाडीच्या पुलावर एसटी आली आणि माझ्या खिशात फोन थरथरला. कंपनीचा संदेश होता. माझी तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली होती, आणि मी पाचपैकी किती गुण देईन, असे त्यांनी विचारले होते. मागे वळून पाहिले, तो कड्यावर देवळाचा दिवा लागला होता.

आठवड्याने पुण्याच्या घरी एक पोस्टकार्ड आले. तेच वळणदार, जरा कापरे अक्षर. 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद. पेन्शन जमा झाली. स्वीकारल्याचा संदेशही आईच्या पिशवीत आला. गाय व्याली, कालवड आहे. तुला फोन लावला होता, लागला नाही. म्हणून हे कार्ड.'