कारंजा ते कंकालेश्वर

धुळे–सोलापूर महामार्गाला बायपास झाल्यापासून बीड न पाहताच बीड ओलांडता येतं. गाडीवाले तेच करतात. एसटी अजून गावात शिरते, म्हणून मी एसटीने गेलो. स्थानकाबाहेर नव्या बीडची गजबज आहे: दवाखाने, क्लासचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर. सुभाष रोडने आत वळलं की रस्ता आवळत जातो. कापड, सराफा, भांडी, आणि पुढे कारंजा हा जुना भाग. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून उचल हाती पडते, तेव्हा खेड्यांतून आलेली गर्दी याच गल्ल्यांत खरेदी करते. सणासुदीची उलाढाल त्या उचलीवर उभी असते.

बालाघाटातून उतरणारी बिंदुसरा या शहराचे दोन भाग करते. अलीकडे कारंजा, बशीरगंज, धोंडीपुरा. पुलापलीकडे पेठ बीड. पेठेत कंकालेश्वर आहे. कुंडाच्या मधोमध देऊळ, तीन गाभारे, बाहेरच्या भिंतींवर शिल्पं. घडणीवरून अभ्यासक ते चालुक्य-यादव काळातलं मानतात. दगडी वाटेवरून देवळाकडे जाताना दोन्ही बाजूंना पाणी असतं.

पाण्याची जाण इथे पुढेही टिकली. शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२ साली, इथला जहागीरदार सलाबतखान याने ती राजा भास्कर या स्थापत्यकाराकडून बांधून घेतली. बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिथून उताराने शेताकडे जातं. मोट नाही, पंप नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी जमिनीचा उतार इतका बारकाईने मोजला होता.

त्याच गावात नदीचं काय झालं, ते पुलावर थांबल्यावर कळतं. पात्रात झुडपं, गाळ आणि गटारांचं पाणी. २३ जुलै १९८९ रोजी हीच नदी गावात घुसली, काठच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं दगावली. पात्र मोकळं ठेवणं हा इथे सुशोभीकरणाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

मग जुना गाभा मागे का पडतो? महामार्ग केंद्राचा, मोठे रस्ते बांधकाम खात्याचे, रेल्वे दिल्लीची. अनेक दशकं मागणी होत राहिलेली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत आली. या कामांना मंत्री येतात, नारळ फुटतात. गल्लीतली नाली, दिवा, मंडई आणि कचरा ही कामं मात्र १९६५ च्या कायद्याने नगरपरिषदेच्या वाट्याला येतात. तिथे श्रेय छोटं आणि भांडण मोठं. अतिक्रमण काढायचं तर हातगाडीवाला आपला मतदार, पायरी पुढे सरकवणारा दुकानदारही आपलाच.

तरी राजकारणाचा रस्ता या गल्ल्यांतूनच जातो. भारतभूषण क्षीरसागर दीर्घकाळ बीडचे नगराध्यक्ष होते. २०१६ च्या पालिका निवडणुकीत त्यांचे पुतणे संदीप यांनी काकू-नाना आघाडी काढून घरातच आव्हान दिलं, आणि २०१९ मध्ये दुसरे काका जयदत्त यांना हरवून ते आमदार झाले. नगरसेवकाच्या दारावरची मोर्चेबांधणी विधानसभेपर्यंत पोहोचते ती अशी. पण २०१६ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आला आणि मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात तुंबलेल्या नालीबद्दल जाब विचारायला वॉर्डात कुणी निवडून आलेलं माणूस नव्हतं.

बाहेरून निधी येऊन शहर बदलल्याचं उदाहरण मराठवाड्यात नांदेडचं. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानिमित्त तिथे केंद्र-राज्याचा मोठा निधी आला, रस्ते आणि घाट झाले. बीडला असा सोहळा मिळेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जुना गाभा जपायचं कारण इथेच आहे: जुन्या पेठेत हिंदू-मुसलमान, सराफ, मोमीन, बागवान, खेड्यावरचा गिऱ्हाईक हे सगळे एकाच गल्लीत व्यवहार करतात. निवडणुका जातीच्या गणितावर लढवल्या जाणाऱ्या जिल्ह्यात सर्वांचं हित एकत्र गुंतलेलं आहे अशी जागा क्वचितच सापडेल. ती ओस पडली तर नुसती दुकानं बंद होणार नाहीत. एकमेकांशी रोज बोलायचं कारणही संपेल.

म्हणून बीडकरांना एकच सांगणं. नव्या सभागृहाचा हिशेब रिंग रोडवर किंवा कमानींवर मांडू नका. कारंज्यापासून कंकालेश्वरापर्यंत पावसाळ्यात एकदा चालत जा. वाट कोरडी आणि नदी मोकळी असेल तर पुन्हा निवडून द्या. नसेल तर पाच वर्षांनी याच गल्लीत मतं मागायला येणाऱ्याला आधी ती वाट चालून दाखवायला सांगा.